दोनशे पन्नासच्या पुढे

आमच्या ओव्हनचा आकडा दोनशे पन्नासला संपतो.
पुढे बटणावर एक नागमोडी रेघ, ग्रिलची,
आणि मग पुन्हा शून्य.
घरमालक म्हणाला होता, चालतो.
म्हणजे आतला दिवा लागतो.

पहिला पिझ्झा तळाशी गोरा, मध्ये ओला,
उचलल्याबरोबर मान टाकली त्यानं.
दुसरा कागदासकट खाल्ला, थोडा.
तिसऱ्याला उल्का म्हणाली, "चव चांगली आहे,"
आणि कडा ताटाच्या बाजूला लावून ठेवल्या
पेन्सिली लावतात तशा.

तिची रात्रपाळी, इस्पितळात,
दिवस भरायच्या आत आलेल्या बाळांपाशी.
माझं ऑफिस दिवसाचं. लायसन्ससाठी आलेले फोटो नाकारतो:
सावली पडली आहे. हसू आहे. पुन्हा पाठवा.
स्वान्सीच्या या चढावर आठवड्यातले चार दिवस
आम्ही जिन्यात भेटतो, ती वर जाताना, मी खाली.

म्हणून मंगळवारी रात्री मी पीठ भिजवतो.
पाचशे ग्रॅम ब्रेडचा मैदा, सव्वातीनशे पाणी, दहा मीठ,
यीस्ट चिमटीत मावेल तेवढंच,
घाई नसलेल्या माणसाचं माप.
डबा फ्रिजमध्ये. बुधवारी दुपारी उठली की ती
ओल्या हातानं त्याला एक घडी घालते
आणि दारावर चिठ्ठी लावते:
"फुगलंय. रुसलेलं नाही. उ."
गुरुवारी मी लिहितो: "वास यायला लागला, ताकासारखा."
शुक्रवारी नुसतं: "दूध संपलं."

तळ मात्र गोराच राहिला असता.
एका संध्याकाळी धुराचा अलार्म कोकलला
आणि शेजारच्या ग्लेनिसबाई सपाता घालून आल्या,
वय एक्याऐंशी. आगीची चौकशी नाही, काही नाही,
वाकून ओव्हनमध्ये बघितलं,
म्हणाल्या, "खाली लोखंड नाही तुझ्या."
परत गेल्या, हाक मारली. दारात ठेवला होता
त्यांच्या आईचा बेकस्टोन, काळा, गोल,
ज्यावर त्या मनुका घातलेल्या चपट्या टिक्क्या भाजत.
"माझी मनगटं आता याला उचलत नाहीत."
मी उचलला.
ओळखीचं वजन. अरे, हा तर बिडाचा तवा!

शनिवारी पावणेसातला ओव्हन लावला, शेवटच्या आकड्यावर.
तवा वरच्या खणात, पूर्ण तासभर.
खिडकी उघडी, अलार्मखाली टॉवेल घेऊन उभं राहायची तयारी.
चीज रात्रभर फडक्यात टांगलं होतं, चक्क्यासारखं;
टोमॅटो हातानंच चुरडले.

आठला दहा कमी असताना ती आली.
कोट तसाच, पण हात कोपरापर्यंत धुतले, सवयीनं.
मी लाटणं घेतलं होतं. "ठेव ते," म्हणाली,
"आतली हवा मरेल."
आणि ज्या बोटांनी रात्रभर
दीड दीड किलोची माणसं उचलली
त्यांनी गोळा मधून बाहेर सारत नेला,
कडेला हात न लावता.
तो तिच्या मुठींवर स्वतःच्या वजनानं लोंबला
आणि मोठा झाला.

पालथ्या ट्रेवर रवा. एक हिसका.
अर्धा नीट बसला, अर्धा दाराकडे सरकला,
आकार म्हणाल तर वेल्सच्या नकाशाचा.
सहा मिनिटं आम्ही काचेपुढे उकिडवे.
कड आधी उसासली, मग फुगली,
मग मी बटण त्या नागमोडी रेघेवर नेलं
आणि तिच्यावर बिबट्याचे डाग आले.

चतकोर ग्लेनिसबाईंना दिला.
त्यांनी तो उलटा करून तळाला नखानं टकटक केलं,
दारावर करावं तसं,
आणि ऐकत राहिल्या.
तवा कधी परत करू, विचारलं.
तोंड भरलं होतं त्यांचं.

साडेआठला उल्का पडदे ओढून झोपली.
ओव्हन बंद, तरी तवा अजून कढत,
स्वयंपाकघर त्याच्यामुळेच उबदार.
ताटात एकच कड राहिली होती,
तीही चावून पाहिलेली.
मी ती उभ्यानंच खाल्ली
आणि चिठ्ठी लिहिली: "मैदा संपला."